चार बोटं पाणी

जपानच्या नागानो प्रांतात शिरोउमा नावाचा २९३२ मीटर उंचीचा डोंगर आहे. हिवाळाभर तो बर्फाखाली असतो. वसंत लागून बर्फ वितळू लागलं की काळा खडक तुकड्यातुकड्याने उघडा पडतो आणि दरवर्षी ठरावीक जागी घोड्याची आकृती दिसू लागते. पायथ्याच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या या घोड्याची वाट पाहिली. घोडा उमटला की खाचरांत पाणी घ्यायचं आणि चिखलणीला लागायचं. डोंगराला नावही त्यावरूनच मिळालं, चिखलणीचा घोडा असं. पंचांगातली तारीख दरसाल तीच असते, पण थंडी कधी लवकर हटते, कधी रेंगाळते. घोडा मात्र त्या वर्षीच्या उन्हाने कोरलेला असतो. तो दिसला म्हणजे ओढ्यांना वितळलेलं पाणी आलं आहे आणि हवाही रोपं सोसतील इतकी ऊबदार झाली आहे.

भाताचं वर्ष तिथे पाणी घेण्याने सुरू होतं आणि पाणी काढून टाकण्याने संपतं. मधल्या चार-साडेचार महिन्यांत शेतकऱ्याची बहुतेक कामं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: खाचरात आज पाणी किती ठेवायचं? दोन बोटं, चार बोटं, वीतभर, की मुळीच नाही? या शेतीबद्दल जितकं वाचावं तितकी माझी खात्री होत जाते की तिथलं खरं नवल पाण्याच्या या मापात आहे.

आधी खाचराकडेच पाहू. एकाच वावरात दरसाल तेच पीक घेतलं तर जमीन थकते, रोग साचतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तर आपण बेवड बघतो. जपानमध्येही टोमॅटो, वांगी, कलिंगड यांना हा नियम लागू आहे. पाण्यातल्या भाताला नाही. फुकुओका शहरातल्या इताझुके इथे उत्खननात भाताची जी खाचरं सापडली ती दोन हजारांहून अधिक वर्षं जुनी आहेत. त्यांना बांध होते, पाट होते, पाणी अडवायला लाकडी बंधारे होते. तिथल्या चिखलात त्या काळच्या माणसांच्या पावलांचे ठसेसुद्धा टिकून राहिले. आजही त्या देशात कित्येक खाचरं अशी आहेत की ज्यांत शेकडो वर्षं दर उन्हाळ्याला भातच उभा राहिला आहे. तरी जमीन थकली नाही.

याचं उत्तर पाण्याखालच्या अंधारात आहे. खाचर भरलं की वरची हवा मातीत शिरेनाशी होते. मातीतले जंतू उरलासुरला प्राणवायू थोड्याच दिवसांत संपवतात. मग त्यांच्यातले काही जण हवेऐवजी लोहावर श्वास चालवतात. गंजलेलं तांबूस लोह रूप बदलतं, माती निळसर राखाडी होते आणि लोहाला घट्ट धरून बसलेलं स्फुरद सुटं होऊन मुळांच्या हाती लागतं. आम्ल माती सौम्य होते. मुळं कुरतडणारे सूत्रकृमी आणि कोरड्या जमिनीतल्या कित्येक बुरशी गुदमरून जातात. पाण्याशी टेकलेल्या मातीच्या अगदी वरच्या, काही मिलिमीटरच्या थरात मात्र प्राणवायू असतो. तिथे नीलहरित शेवाळ वाढतं आणि हवेतला नत्र पकडून मातीला देतं. डोंगरातून येणारं पाणी येताना खनिजं घेऊन येतं आणि झिरपताना घातक क्षार घेऊन जातं. रोगराई धुऊन काढणं, खत देणं, तण दाबणं ही सगळी कामं पाणी नुसतं उभं राहून करतं.

पण मग भाताची मुळं का गुदमरत नाहीत? ज्वारीचं रोप अशा चिखलात काही दिवसांत पिवळं पडेल. भाताने आपल्या देहातच हवेची वाट ठेवली आहे. त्याच्या पानांपासून खोडातून थेट मुळांपर्यंत पोकळ नळ्या जातात आणि वरची हवा त्यांतून खाली उतरते. ती थोडी मुळांबाहेरही पाझरते, त्यामुळे मुळाभोवती लोहाचं तांबूस कवच धरतं. निरोगी खाचरातलं रोप उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी-तांबूस दिसतात ती यामुळेच. ज्या चिखलात बाकीच्यांचा जीव जातो, त्यात भात स्वतःपुरती हवा घेऊन राहतो.

हे सगळं घडायचं तर पाणी टिकायला हवं, आणि पाणी टिकवण्याची विद्या चिखलणीत आहे. जपानी शेतकरी तिला शिरोकाकी म्हणतात. पाण्यात माती ढवळली की जड कण आधी बसतात, बारीक चिकण कण शेवटी सावकाश खाली येतात आणि छिद्रं बुजवतात. त्याखाली वर्षानुवर्षांच्या चालण्याने आणि औतांनी दाबलेला कठीण थर असतोच. बांधांच्या आतल्या अंगाला ओल्या मातीचा नवा गिलावा द्यावा लागतो. पूर्वी तो खोऱ्याने हाताने देत, आता त्याला यंत्र आहे. मला विशेष वाटतं ते असं की खाचर पूर्ण न गळणारं असावं, असं कुणी म्हणत नाही. दिवसाकाठी सुमारे दोन सेंटीमीटर पाणी उतरावं, हे चांगलं खाचर. त्याहून जास्त उतरलं तर थंड पाणी सारखं आत घ्यावं लागतं. अजिबात उतरलं नाही तर मुळांशी विषारी वायू साचतात. गळती असावी, पण मापात असावी. आणि सपाटी तर इतकी लागते की एका कोपऱ्यात चार बोटांचा उंचवटा राहिला, तर तिथे पाणी पोचत नाही आणि तण माजतं.

बियाण्याची निवडही पाण्यातच होते. १८८२ साली योकोई तोकियोशी या कृषितज्ज्ञाने मिठाच्या पाण्यात बी बुडवून निवडण्याची रीत सुचवली. ताजं अंडं तरंगेल इतकं पाणी खारं करायचं आणि बी ओतायचं. पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाशी बसतात. तळाचे घ्यायचे, स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि पेरायचे. कोकणातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट नवी वाटणार नाही, कारण आपल्याकडेही भाताच्या बियाण्याला तीन टक्के मिठाच्या पाण्याची प्रक्रिया सांगितली जाते. जपानी भातशेतीशी आपला संबंध याहूनही थेट आहे. १९५३ मध्ये भारत सरकारने ‘जपानी पद्धतीची भातशेती’ या नावाने देशभर मोहीम काढली होती. गादीवाफ्यावर रोपं, कमी बियाणं, ओळीत लावणी, ओळींमधून कोळपणी आणि खताच्या नेमक्या मात्रा, असा तिचा गाभा होता. आज आपण ओळीत लावणी करतो तेव्हा त्यात त्या मोहिमेचाही वाटा असतो.

लावणी तिथे बहुतेक ठिकाणी मे महिन्यात होते. महिन्याच्या सुरुवातीला सलग सुट्ट्या येतात. शहरात नोकरी करणारी मुलं-नातवंडं घरी येतात आणि दोन-चार दिवसांत खाचरं लावून होतात. हे यंत्रामुळे जमतं. रोपं ६० बाय ३० सेंटीमीटरच्या उथळ ट्रेमध्ये इतकी दाट पेरतात की त्यांची मुळं एकमेकांत गुंतून एक सलग चटई तयार होते. लावणीयंत्राची बोटं त्या चटईतून तीन-चार रोपांचा चिमटा काढतात आणि चिखलात रोवतात. हे यंत्र १९७०च्या दशकात गावोगाव पोचलं. त्याआधी वाकून, चिखलात पाय रोवून, दिवसभर हाताने लावणी व्हायची. हिरोशिमा प्रांतातल्या मिबु इथे अजूनही जूनच्या पहिल्या रविवारी ढोल-बासरीच्या तालावर लावणीचा जुना सोहळा होतो. सजवलेले बैल चिखलणी करतात, बायका ओळीने गात रोपं लावतात. २०११ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. वाकलेल्या पाठींना गाण्याची साथ लागते, हे कोकणातल्या लावणीच्या गाण्यांनाही माहीत आहे.

आता पाण्याचं माप. लावणी झाल्याझाल्या रोप घाबरलेलं असतं. मुळं तुटलेली, पानांतून मात्र ओल उडतेच. तेव्हा पाणी थोडं जास्त ठेवायचं, म्हणजे वारा आणि गारठा कमी लागतो. रोपाने मूळ धरलं की पाणी दोन-तीन बोटांवर आणायचं. उथळ पाणी उन्हाने लवकर तापतं, आणि बुंध्याशी ऊब लागली की फुटवे फुटतात. पण फुटव्यांनाही मर्यादा हवी. उशिरा आलेल्या फुटव्याला लोंबी धरत नाही, तो नुसता खाऊन जातो. म्हणून जूनच्या अखेरीस किंवा जुलैत शेतकरी एक धाडसाचं काम करतो. खाचरातलं सगळं पाणी सोडून देतो. आठवडाभर, कधी थोडं जास्त, माती उन्हात तापते आणि तिला बारीक भेगा पडतात. या विश्रांतीला नाकाबोशी म्हणतात. भेगांतून हवा आत जाते, साचलेले वायू बाहेर पडतात, नवे फुटवे थांबतात आणि मुळं ओलीच्या शोधात खोल जातात. कापणीला आलेलं भात वादळात आडवं पडेल की उभं राहील, हे बऱ्याच अंशी याच दिवसांत ठरतं. कोशिहिकारी हा जपानचा सर्वांत लाडका भात. त्याला १९५६ मध्ये नाव मिळालं आणि १९७९ पासून देशात सर्वाधिक लागवड त्याचीच आहे. चवीला तो उत्तम, पण उंच वाढतो आणि चटकन लोळतो, म्हणून त्याच्या शेतकऱ्याला ही कोरड फार जपून द्यावी लागते.

भेगाळलेल्या मातीला पुन्हा पाणी मिळतं. मग पीक पोटरीत येतं, आणि उत्तर जपानात वर्षातली सर्वांत नाजूक वेळ तीच असते.

लोंबी बाहेर पडण्याआधीचे दहा-पंधरा दिवस ती खोडाच्या आत, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असते. तिच्यात परागकण तयार होत असतात. या दिवसांत थंडी पडली, तापमान काही दिवस १७ अंशांच्या खाली गेलं, तर पराग निकामी होतात. वरून पीक हिरवंगार दिसतं, निसवतंही, पण दाणा भरत नाही. ओखोत्स्क समुद्रावरून येणारा यामासे नावाचा गार, दमट वारा तोहोकु प्रदेशाच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात नेमकं हेच करतो. त्याने शतकानुशतकं दुष्काळ पाडले. त्याला उत्तर म्हणून शेतकऱ्यांच्या हाती एकच गोष्ट होती: पाणी. गारठ्याचा अंदाज आला की खाचर १५ ते २० सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीतभर भरायचं. पाणी हवेपेक्षा सावकाश गार होतं. दिवसा साठवलेली ऊब ते रात्री खोडातल्या त्या न दिसणाऱ्या लोंबीला देतं. वीतभर पाण्याची ही गोधडी. थंडी सरली की पाणी पुन्हा खाली आणायचं. हवामानखात्याचा अंदाज ऐकून आजही तोहोकुतले शेतकरी हे करतात.

गोधडीलाही मर्यादा असते. १९९३चा उन्हाळा इतका गार गेला की देशाचं पीक सरासरीच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास आलं. जपानला थायलंड, चीन, अमेरिका अशा देशांतून २५ लाख टनांहून अधिक तांदूळ आणावा लागला. त्यानंतर मियागी प्रांतात ससानिशिकी हा चवीला नावाजलेला वाण मागे पडला आणि थंडी सोसणारा हितोमेबोरे पुढे आला.

याच्या शंभर वर्षं आधी, १८९३ मध्ये, असाच थंडीने पीक बुडवलेला हंगाम होता. यामागाता प्रांतातल्या शोनाई भागातला आबे कामेजी नावाचा शेतकरी देवदर्शनाला निघाला होता. वाटेत, जिथून थंड पाणी खाचरात शिरत होतं त्या तोंडाशी, त्याला भाताच्या तीन लोंब्या दिसल्या. आजूबाजूचं पीक लोळलेलं आणि पोचट होतं. या तिन्ही दाण्यांनी भरलेल्या होत्या. पाण्याचं तोंड ही खाचरातली सर्वांत गार जागा. तिथे जे तरलं त्यात काहीतरी वेगळं असणार, हे त्याने ओळखलं. लोंब्या मागून घेतल्या, पुढची काही वर्षं त्यांतून निवडत निवडत वाण पक्का केला, आणि कामेनोओ हा भात जन्माला आला. कोशिहिकारी, ससानिशिकी यांच्या वंशावळी मागे मागे नेल्या की त्या कामेनोओपाशी येतात. आज जपानी घरात शिजणाऱ्या भातापैकी बराचसा त्या तीन लोंब्यांचा वंशज आहे. वाण शोधायला प्रयोगशाळा लागते असं आपल्याला वाटतं. इथे वाटेने जाणारा एक माणूस पाण्याच्या तोंडाशी थांबला होता.

आणखी उत्तरेला होक्काइदो बेट. तिथे भात होणार नाही, गहू लावावा आणि गुरं पाळावीत, असा तेव्हाच्या मेइजी सरकारच्या परदेशी सल्लागारांचा कौल होता. १८७३ मध्ये साप्पोरोजवळच्या शिमामात्सु इथे नाकायामा क्यूझो या शेतकऱ्याने तरी भात काढून दाखवला. रोपवाटिकेतलं पाणी गारठू नये म्हणून तो न्हाणीतलं ऊन पाणी आणून ओतत असे, असं सांगतात. ज्या बेटावर हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फ हटत नाही, ते आज निइगाता प्रांताच्या जोडीने जपानमधलं सर्वांत जास्त तांदूळ पिकवणारं ठिकाण आहे.

पाण्याचं माप आपल्या बांधाच्या आत ठरवता येतं. पण पाणी येतं वरच्याच्या खाचरातून आणि जातं खालच्याच्या. इथून पुढे ही शेती एकट्या माणसाची राहत नाही.

तोक्योच्या शेजारच्या कावासाकीत निकार्यो नावाचा पाट आहे. तामा नदीचं पाणी तो खालच्या गावांना देई. १८२१ मध्ये दुष्काळात वरच्या अंगाने पाणी अडवल्यावरून खालच्या गावांतले हजारो शेतकरी चालून गेले आणि मोठा दंगा झाला. लाकडी दारांनी पाणी वाटायची रीत होती. पण दाराखालून किती पाणी गेलं हे डोळ्यांना नीट दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर विश्वास बसत नाही. १९४१ मध्ये त्याच पाटावर, कुजी इथे, एक गोल बांधकाम उभं राहिलं. पाटाचं पाणी जमिनीखालून येतं, मधल्या गोल हौदात खालून वर चढतं, शांत होतं आणि चहूबाजूंनी काठावरून सारखं ओसंडतं. काठ चार भागांत विभागला आहे, ज्याचं क्षेत्र जेवढं तेवढी त्याची कमान. पाणी भरपूर असो की थोडं, वाटा त्याच प्रमाणात पडतो. मोजायला माणूस नको, चावी नको, आणि बांधावर उभ्या असलेल्या कुणालाही आपला आणि शेजाऱ्याचा वाटा एकाच वेळी दिसतो. कावासाकीतली बहुतेक खाचरं आता शहराखाली गेली, पण कुजीचा हौद अजून ओसंडतो आहे. गणित, न्याय आणि पाणी इतक्या साध्या रूपात एकत्र आलेलं मला दुसरीकडे ठाऊक नाही.

क्युशू बेटावर कुमामोतो प्रांतात यामातो गावाजवळ शिराइतो नावाचं पठार आहे. चहूबाजूंना खोल दऱ्या, खाली नद्या वाहताहेत, वर मात्र पाण्याची वानवा. फुता यासुनोसुके हा तिथला गावप्रमुख. त्याने ठरवलं की पलीकडच्या डोंगरातलं पाणी दरीवरून पठारावर आणायचं. तेवढी उंच दगडी कमान बांधणं त्या काळी कुणाला शक्य वाटत नव्हतं. मग त्याने पूल पठाराहून खालच्या पातळीवर, सुमारे २० मीटर उंचीचा बांधायचा बेत केला. पाणी पलीकडून बंद नळातून खाली उतरेल, पूल ओलांडेल आणि स्वतःच्याच दाबाने पठारावर चढेल. हे नळ लाकडाचे केले तर दाबाने फुटत. शेवटी दगड कोरून नळ केले आणि सांधे बुजवायला चुना, वाळू, लाल माती, मीठ आणि पाइनच्या पाल्याचा काढा यांचा गिलावा बनवला. १८५४ मध्ये त्सुजुन पूल पुरा झाला. पाणी सोडलं त्या दिवशी फुता पांढरी वस्त्रं नेसून, कट्यार घेऊन पुलावर बसला होता, पूल पडला तर तिथेच जीव द्यायचा म्हणून, असं सांगतात. पूल पडला नाही. पठारावर सुमारे १०० हेक्टर खाचरं झाली. नळात गाळ साचू नये म्हणून पुलाच्या मधोमध बुचं ठेवलेली आहेत. ती काढली की दोन्ही बाजूंना पाण्याचे मोठे झोत दरीत कोसळतात आणि गाळ वाहून जातो. पाहायला लोक गर्दी करतात. २०१६च्या भूकंपात पुलाला इजा झाली, ती दुरुस्त केली गेली, आणि २०२३ मध्ये त्याला जपानने राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला.

सर्वांत छोट्या खाचरांसाठी नोतो द्वीपकल्पात जावं लागतं. वाजिमा शहराजवळ शिरोयोने इथे डोंगराच्या उतारावरून थेट समुद्रापर्यंत १००४ खाचरं उतरत जातात. काही इतकी लहान की त्यांत रोपांच्या जेमतेम काही ओळी मावतात. शेतकरी आपली खाचरं मोजत होता, एक कमी भरत होतं, शेवटी जायला म्हणून गवताचं इरलं उचललं तर खाली ते सापडलं, ही गोष्ट तिथे सांगतात. प्रत्येक खाचराचं पाणी खालच्यात उतरतं, म्हणून एकाचा बांध फुटला तर खालच्या सगळ्यांना त्रास. १ जानेवारी २०२४ रोजी ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने नोतो हादरलं आणि शिरोयोनेच्या बहुतेक खाचरांना भेगा पडल्या. त्या मे महिन्यात १२० खाचरांत लावणी झाली. लावणाऱ्यांपैकी काहींची स्वतःची घरं राहण्याजोगी उरली नव्हती.

याच नोतोमध्ये एक विधी आहे, आएनोकोतो. डिसेंबरच्या ५ तारखेला घरचा कर्ता खाचरात जाऊन शेतदेवाला घरी बोलावतो. देवाला दिसत नाही अशी श्रद्धा आहे, भाताच्या कुसळांनी त्याचे डोळे गेले असं काही सांगतात. म्हणून कर्ता त्याला हाताला धरल्यासारखं चालवतो, उंबरा आला की सांगतो, अंघोळीचं पाणी ऊन आहे ना ते विचारतो, आणि ताटातला एकेक पदार्थ नाव घेऊन समजावतो. हिवाळाभर देव घरी राहतो, ९ फेब्रुवारीला पुन्हा शेतात जातो. युनेस्कोने २००९ मध्ये या विधीची नोंद घेतली. शेतात राबताना ज्याला इजा झाली, त्याची थंडीत घरी काळजी घ्यायची, ही भावना कुठल्याही कृषिवल माणसाला समजेल.

खाचरातलं पाणी भातापुरतं नसतं. शरदात उडणारा लाल चतुर कापणीनंतरच्या ओल्या खाचरात अंडी घालतो. ती हिवाळा मातीत काढतात, वसंतात पाणी आलं की फुटतात. जूनमध्ये कोवळे चतुर पंख उघडून डोंगरावर गारव्याला जातात आणि शरदात लाल होऊन खाली परततात. बिवा सरोवरातले मासे पावसाळी पाण्यासोबत पाटांतून चढून खाचरांत अंडी घालायला येत. उथळ, ऊबदार, मोठ्या माशांपासून सुरक्षित अशी पिल्लांना दुसरी जागा नाही. पाट काँक्रीटचे आणि खोल झाले तशी ही वाट तुटली. शिगा प्रांतातले शेतकरी आता पाटांत पायऱ्यापायऱ्यांचे लाकडी अडसर घालून माशांना पुन्हा वर चढवतात.

ह्योगो प्रांतातल्या तोयोओका इथली गोष्ट पाण्याच्या मापाचीच आहे. जपानमधला शेवटचा रानटी कोनोतोरी, मोठा पांढरा करकोचा, १९७१ मध्ये तिथे मेला. कीटकनाशकांनी त्याचं खाणं आणि त्यालाही संपवलं होतं. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी २००५ मध्ये तिथेच मोकळे सोडले. पण करकोच्याला बेडूक हवेत, आणि नाकाबोशीला खाचर कोरडं झालं की पाय न फुटलेली बेडकाची पिल्लं मरतात. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी सोडण्याची तारीख पुढे नेली. पिल्लांना पाय फुटले का ते पाहायचं आणि मगच खाचर सुकवायचं. करकोचे आता तिथे घरटी करतात.

यात एक पेच आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पाण्याखालच्या मातीत जंतू मिथेन तयार करतात आणि तो हवेत जाऊन पृथ्वीला तापवतो. नाकाबोशी आठवडाभर वाढवली तर मिथेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. २०२३ पासून जपानमध्ये अशा शेतकऱ्याला कार्बन क्रेडिट विकता येतं. म्हणजे बेडकाला पाणी जास्त दिवस हवं आणि हवेला ते कमी दिवस हवं. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच खाचरात, त्याच आठवड्यांत येतात. ठरवायचं बांधावरच्या माणसाने.

तो माणूस आता म्हातारा झाला आहे. जपानमधल्या शेतकऱ्यांचं सरासरी वय सत्तरीच्या आसपास आहे. १९६२ मध्ये दर माणशी वर्षाला ११८ किलो तांदूळ खाल्ला जायचा, आता त्याच्या निम्म्याहून कमी. १९७० पासून जवळजवळ अर्धं शतक सरकार शेतकऱ्यांना भात कमी लावा म्हणून सांगत होतं. आणि २०२५च्या वसंतात दुकानांत पाच किलोच्या पिशवीचा भाव ४,००० येनच्या वर, वर्षभरापूर्वीच्या दुपटीवर गेला, तेव्हा शहरांना पुन्हा खाचरांची आठवण झाली. डोंगरातली कित्येक खाचरं तोवर रानात गेली होती. एकदा बांध ढासळला आणि तळाचा थर फुटला की ते खाचर पुन्हा पाणी धरायला वर्षं लागतात.

जिथे ती राखली आहेत तिथे त्यांच्याकडून नवं काम घेतलं जातं. निइगाता प्रांतातल्या मुराकामीजवळ, पूर्वीच्या कामिहायाशी गावात, पुराचा त्रास होणाऱ्या खालच्या वाड्यांनी २००२ मध्ये वरच्या वाड्यांना एक विनंती केली. मोठा पाऊस आला की तुमच्या खाचरांतून पाणी एकदम सोडू नका. उपाय साधा होता. पाणी बाहेर पडायच्या जागी लहान भोकाची पाटी बसवायची. मग मुसळधार पाऊस खाचरांत साचतो आणि बारीक धारेने, तासन् तास, सावकाश ओढ्यात उतरतो. भाताला एखाद-दोन दिवस जास्त पाणी सोसतं. वरच्या शेतकऱ्याला या पाटीचा स्वतःसाठी काही उपयोग नाही, उलट बांध अधिक जपावे लागतात. तरी त्यांनी पाट्या बसवल्या. आता ही रीत जपानच्या कित्येक प्रांतांत पसरली आहे.